विषय: सेट-टॉप बॉक्स बदलताना माझी सगळी रेकॉर्डिंग घालवलीत आणि वर तक्रारही परस्पर बंद केलीत

नोडल ऑफिसर साहेब किंवा मॅडम, जे कोणी असाल ते,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि राग थंड व्हायच्या आत लिहून टाकतोय. ग्राहक क्रमांक, जुन्या बॉक्सचा नंबर, तक्रार क्रमांक सगळं मेलसोबत जोडलंय, ते परत विचारू नका, प्रत्येक नवीन माणसाला पहिल्यापासून रामायण सांगून माझा घसा बसलाय.

पावसात बॉक्स गेला. आधी लाल लाइट, मग तोही नाही. तुमचा टेक्निशियन आला, पोरगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पॉवर सप्लाय उडालाय म्हणाला, पण इथे रिपेअर करायची परमिशन नाही, बदलूनच द्यायचा असतो. जुना पिशवीत, नवीन टीव्हीखाली, ‘सेम मॉडेल आहे काका, सगळं तसंच चालेल.’ गेला. मी माझी हार्ड डिस्क नवीन बॉक्सच्या यूएसबीला लावली (१ टीबीची, माझ्या पैशांनी घेतलेली, तुम्ही दिलेली नाही, हे लक्षात ठेवा पुढे लागणार आहे) तर स्क्रीनवर काय येतं, डिस्क फॉरमॅट करा. आणि कर्सर आधीच ‘ओके’वर नेऊन ठेवलेला! बाबांनी रिमोट उचललाच होता, मुलीने हिसकावून घेतला म्हणून वाचलं.

असं का होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्हीच बनवलंय. रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट करून डिस्कवर ठेवायचं आणि ते उघडायची किल्ली त्या एका बॉक्सच्या आत. बॉक्स गेला की डिस्क असून नसल्यासारखी. लॅपटॉपला लावली तर तोही फॉरमॅट करू का विचारतो. भावाकडे तुमचंच कनेक्शन आहे, हाच बॉक्स आहे, तिथेही नाही लागली. ठीक आहे, पायरसी नको, चॅनलवाल्यांच्या अटी असतात, मला कळतं. पण तोच ग्राहक, तोच पत्ता, तेच अकाउंट, बॉक्स तुम्ही स्वतः बदललाय, मग किल्ली नवीन बॉक्सला द्यायची सोय का नाही केलीत? आणि नसेल केली तर जुना बॉक्स उचलायच्या आधी एक वाक्य बोलायला काय झालं होतं? ‘काका, हा नेला की रेकॉर्डिंग गेलं.’ एवढंच. मी नेऊच दिला नसता. रेकॉर्डिंगचा चार्ज मात्र दर महिन्याला बिनचूक कापला जातो, त्यात कधी सिग्नल जात नाही.

आता डिस्कवर काय होतं. २९ जून २०२४ ची टी-२० वर्ल्ड कपची बार्बाडोसची फायनल, सूर्याच्या त्या कॅचसकट. ती काय, हायलाइट्स कुठेही मिळतील, मान्य. सिनेमे गेले, जाऊ दे. पण त्यात वारीचं लाइव्ह होतं, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, आणि त्यात माझे वडील होते. ७८ वर्षांचे आहेत, दिंडीबरोबर चालत गेले होते. चॅनलच्या रिपोर्टरने माइक पुढे केला तर घरचे नको म्हणत होते का असं काहीतरी विचारलं, आणि हे म्हणाले, ‘मुलगा म्हणाला गुडघे दुखतील. दुखतायत. पण त्याला सांगू नका.’ लाइव्ह! अख्ख्या महाराष्ट्रासमोर! मिनिटभराचंसुद्धा नाही ते. घरी कोणीही आलं की चहा झाल्यावर बाबा ते लावायला लावायचे, माझी चेष्टा व्हायची आणि ते खूश. चॅनलच्या ऑफिसला फोन केला तर ते म्हणतात लाइव्हचं सगळं फूटेज आम्ही ठेवत नाही. म्हणजे ते जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या डिस्कवर, माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला बघता येत नाही.

आता आजचा फोन. कॉल क्वालिटीसाठी रेकॉर्ड होतो असं सुरुवातीला सांगितलं (तुमचं रेकॉर्डिंग बरं तुम्हाला लागतं, बॉक्स बदलला तरी) तेव्हा काढून ऐका. मी सगळं शांतपणे सांगितलं. वडिलांचं पण सांगितलं, खरं तर सांगायला नको होतं इतकं सांगितलं. तर तुमचे एक्झिक्युटिव्ह म्हणतात,

‘सर, रेकॉर्डिंग हे त्या बॉक्सचं असतं.’

बॉक्सचं कसं, चार्ज मी भरतो ना?

‘हो सर, तो फॅसिलिटीचा चार्ज आहे. कन्टेन्ट आपला नसतो.’

मी म्हटलं अहो ते माझे वडील आहेत. तर दोन सेकंद शांतता आणि मग, ‘सर मी आपली कॉल होल्डवर ठेवू शकतो का?’ ठेवा. होल्डवर काय वाजतं, तर तुमचीच जाहिरात, आवडीचा एकही क्षण चुकवू नका, रेकॉर्ड करा. तेच तेच, परत परत. मी स्पीकरवर ठेवून ऐकतोय, बाबा शेजारी बसून ऐकतायत. बऱ्याच वेळाने परत आले.

‘थँक यू फॉर होल्डिंग सर. मी सीनियरशी बोललो. आपण पुढच्या वर्षी नवीन बॉक्सवर रेकॉर्ड करू शकता.’

काय रेकॉर्ड करू?

‘वारी, सर. वारी दर वर्षी असते ना?’

हे वाक्य. हे तुमच्या सीनियरने विचार करून दिलेलं उत्तर आहे. आणि माहिती बरोबरच आहे हो, वारी दर वर्षी असते, शेकडो वर्षं चाललीये, तुमच्या नेटवर्कपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. पण ७८ वर्षांच्या माणसाने परत तिथेच उभं राहायचं, त्याच रिपोर्टरने शेकडो लोकांतून त्यांच्याच तोंडासमोर माइक धरायचा, आणि यांनी गुडघ्यांचं तेच वाक्य तसंच बोलायचं, हे शेड्युलिंग तुम्ही करून देणार का? माउलींच्या अश्वाला पण रिटेक सांगणार? मी काही बोलायच्या आत ‘अजून काही मदत करू शकतो का सर’ आणि फोन कट. मग मेसेज, आमच्या सेवेला १ ते ५ मध्ये रेटिंग द्या. मग दुसरा मेसेज, तुमच्या समाधानासह तक्रार बंद करण्यात आली आहे. कुणाच्या समाधानासह??

मध्ये एकाने कॉपीराइटचं पण ऐकवलं होतं, घरी रेकॉर्ड केलेलं तुमचं होत नाही वगैरे. साहेब, हा वाद अमेरिकेत बीटामॅक्सच्या (सोनीचा व्हिडिओ रेकॉर्डर) केसमध्ये होऊन १९८४ ला संपला, तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की घरी नंतर बघायला कार्यक्रम रेकॉर्ड करणं बेकायदेशीर नाही. ते तिकडचं झालं, आपल्याकडे कॉपीराइट ॲक्टच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापराची सवलत आहे, तुमच्या लीगलला विचारा. मी काय कॅसेटी काढून स्टँडवर विकणार होतो का? मी बाबांना बाबा दाखवणार होतो.

आणि कॅसेटीवरून आठवलं. काकांनी दुबईहून व्हीसीआर आणला होता, त्यावर रविवारी सकाळचं महाभारत आम्ही रेकॉर्ड करायचो. १८० ची कॅसेट, तीन तास, एलपीवर (म्हणजे हळू स्पीडवर) टाकली की सहा तास पण चित्राची पार वाट. ठेवायची असेल तर कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारकी पट्टी तोडायची, मग कुणाच्या बापाला त्यावर दुसरं काही घेता यायचं नाही, आणि मन बदललं तर त्या भोकावर सेलोटेप. हे आमचं एन्क्रिप्शन. बुरशी लागायची, हेड खराब व्हायचं, ट्रॅकिंग फिरवून बोटं दुखायची, त्या जमान्याचं मला काही कौतुक नाहीये. पण आमचा व्हीसीआर बंद पडला की कॅसेट शेजारी देशपांड्यांकडे लागायची. त्यांचा व्हीसीआर वेगळ्या कंपनीचा, तरी लागायची. व्हीएचएस, म्हणजे या कॅसेटींचा फॉरमॅट, १९७६ चं, व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी पण २०१६ ला थांबली, तरी बहिणीच्या लग्नाची कॅसेट मागच्या वर्षी जुन्या बाजारातून आणलेल्या प्लेअरवर लागली. तुमचं एचडी डिजिटल रेकॉर्डिंग एका पॉवर सप्लायमध्ये मेलं. पुन्हा सांगतो, डिस्क माझ्या पैशांची आहे.

मी केबलवाल्याला सोडून तुमच्याकडे आलो होतो. सोसायटीत चार घरं मी आणली तुमच्याकडे, रेकॉर्डिंग होतं बघा म्हणून. केबलवाल्याला निदान जिन्यात गाठून शिव्या तरी घालता यायच्या.

आता काय हवंय ते. मला नवीन बॉक्स फ्री नको, महिनाभराचं पॅक फ्री नको, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ तर अजिबात नको. माझा जुना बॉक्स पाहिजे, तोच, त्याच नंबरचा. टेक्निशियनच्या म्हणण्याप्रमाणे तो तुमच्या रिपेअर सेंटरला पडलाय, स्क्रॅपला गेलेला नाही. पॉवर सप्लाय बदला, माझ्या अकाउंटला परत जोडा, आणून लावा. बदलायचा खर्च मी देतो. तोपर्यंत तो कुणी रिसेट करून दुसऱ्याच्या घरी लावला तर मात्र मी गप्प बसणार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतोय, आणि त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या केसला तिथे फी पण लागत नाही, आणि मी रिटायर्ड आहे, मला भरपूर वेळ आहे. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून मागणार आहे. ते तरी फॉरमॅट करू नका.

रिचार्ज उद्या संपतोय. बॉक्स परत येईपर्यंत भरणार नाही, तेव्हा आठवणीचे मेसेज पाठवू नका, आणि फोन करणाऱ्याला आधी हे पूर्ण वाचायला लावा.

(नाव, पत्ता, मोबाइल तुमच्या सिस्टीममध्ये आहे)