सगळे पैसे तू भरू नकोस

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन मी अर्ध्यातच ठेवला. माझा एक पाय बादलीत होता आणि दुसऱ्या टाचेवर बाबा पट्टी चिकटवत होते. तू म्हणालास, "आई, एवढीच रक्कम जमवायची ना? मीच भरतो सगळी. या वयात वीस किलोमीटर पाय कशाला झिजवतेस?" मायेनं म्हणालास हे कळतं मला. तरी राग आलाच. दोन दिवस जाऊ दिले आणि मग लिहायला बसले.

आजीचे शेवटचे अडीच महिने ज्या शुश्रूषा केंद्रात गेले, त्याच्यासाठी हे चालणं आहे: मी वीस किलोमीटर चालायचं आणि ओळखीच्यांनी त्यासाठी केंद्राला पैसे द्यायचे. तू तेव्हा परीक्षेत होतास, त्यामुळे रात्री तिथे काय चालायचं ते तू पाहिलेलं नाहीस. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एक सिस्टर दर दोन तासांनी कूस बदलायला यायची. कॉरिडॉरमधून तिच्या चपला वाजत यायच्या, परत जायच्या. मी खुर्चीत बसून असायचे. तसा खुर्चीत बसण्याचा माझा अनुभव दांडगा, नोकरीची सव्वीस वर्षं तेच केलं.

पहिल्या दिवशी मी अकरा मिनिटं चालले. बाराव्या मिनिटाला एका कठड्यावर बसून फोन बघत असल्याचं सोंग केलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की बाई कुणाची तरी वाट बघतेय. घरी आल्यावर कुठे तरी वाचलेलं आठवलं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. ही १९५३ची गोष्ट. म्हणजे माझ्या जन्माआधीच सांगून झालं होतं. मी जन्मभर ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि बस काही हलली नाही.

सोळा आठवड्यांचा बेत आखला. डॉक्टरांकडून तपासून घेतलं, काळजी करू नकोस. आठवड्यातून चार दिवस थोडं थोडं, रविवारी लांब. दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. वेग किती ठेवायचा याची सोपी खूण आहे, बोलता यावं पण गाता येऊ नये. मी एकोणिसाचा पाढा म्हणते. सहज म्हणता आला तर वेग वाढवायचा, एकोणीस चोक शहात्तरलाच दम लागला तर कमी करायचा. तू दिलेलं घड्याळ रोज दहा हजार पावलं मागायचं, मीही घाबरून घरातल्या घरात फेऱ्या मारायचे. मग कळलं की हा आकडा १९६५ साली जपानात विकायला आणलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मापक! तेव्हापासून घड्याळाचा मान राखते, धाक नाही.

आता टाचेबद्दल. नऊ किलोमीटरच्या रविवारी पाचव्या किलोमीटरला टाचेत काही तरी चुरचुरायला लागलं. खडा असेल म्हणून बूट झटकला, तर आत काही नाही. घरी येऊन मोजा काढला तर रुपयाएवढा फोड. चूक माझीच. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी बुटाला घासत राहते. आणि बूट घेतले होते सकाळी, पाय सुजलेले नसताना. ते संध्याकाळी घ्यावेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून. पण खरा शोध पुढेच आहे. बुटाला सगळ्यांत वर, जरा मागे, एक जादा भोक असतं बघ. ते कशासाठी असतं हे मला त्रेपन्न वर्षं माहीत नव्हतं. त्यातून नाडीची छोटी कडी करायची, समोरची नाडी त्या कडीतून ओवायची आणि ओढून बांधायची. टाच जागेवर बसते, वर-खाली होत नाही. आता नवे मोजे आणि ही गाठ. परवाची पट्टी त्याच जुन्या फोडावर, खबरदारी म्हणून.

दहाव्या आठवड्यात शेफारले. दहा किलोमीटर जमले म्हणून पुढच्या रविवारी थेट चौदा मारले. नडग्या अशा ठणकल्या की जिना उलट्या पावलांनी उतरत होते. दोन आठवडे वाया गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणं तुला माहीत आहे.

पण चालण्यापेक्षा पैसे मागणं अवघड, सोन्या. मी कुणाकडे कधी काही मागितलेलं नाही. पहिले तीन आठवडे पैसे देणाऱ्यांच्या वहीत फक्त बाबांचं नाव होतं. मग एक दिवस ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर गेले (जिन्यानं!), त्या बाईंकडे, ज्यांच्याशी रजेच्या यादीवरून भांडण झाल्यापासून मी सहा वर्षं बोलले नव्हते. त्यांनी वही पुढे ओढली, नाव लिहिलं, आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून म्हणाल्या, "माझे वडील घरीच गेले. आम्हाला असं काही असतं हे ठाऊकच नव्हतं." पुढचा अर्धा तास मी तिथेच. आता वहीत एकतीस नावं आहेत आणि बहुतेक प्रत्येक नावामागे एखादी खाट आहे. तू सगळी रक्कम भरली असतीस, तर मी तिसरा मजला चढले असते का?

म्हणून तुझी मदत नको असं नाही. माझा सगळ्यांत लांब सराव सोळा किलोमीटरचा झाला. त्याहून लांब सरावात जायचं नसतं, शेवटचे दोन आठवडे उलट कमी करत आणायचं. त्यामुळे शेवटचे चार किलोमीटर मी अजून पाहिलेलेच नाहीत. ते चार तुझ्या नावावर. किलोमीटरमागे आकडा तू ठरव आणि मी चालले तरच भर. साडेसतराला बसले तर दीडचेच दे, हिशेबात मी पक्की आहे.

आणि एक काम कर. बाबा म्हणतायत की वाटेत सोळाव्या किलोमीटरला गाडी घेऊन उभा राहतो, लागली तर असू दे. त्यांना तू फोन करून सांग, शेवटालाच थांबा म्हणावं. गाडी दिसली तर मी बसेन.

तुझी,
आई