आजोबांची बंदूक लेथवर चढवू नका

महोदय,

एक नळी छऱ्याची आणि एक रायफलीची, अशा जुन्या बंदुकीची डबल रायफल (दोन्ही नळ्या रायफलीच्या) करून देणाऱ्या युरोपातल्या कारागिरांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला होता. फक्त 'छऱ्याच्या नळीत रायफलीची नळी बसवली' एवढ्यावर त्यात सगळं काम उरकलंय, आणि नेमकं तेवढंच आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पोचलं. मोहोळकडच्या एका ऊसवाल्याचा पोरगा आजोबांची बंदूक पोत्यात गुंडाळून ओळखीच्या वर्कशॉपात हजर. डावी नळी बारा बोअरची, उजवी रायफलीची, आणि तिची काडतुसं आता कुठं मिळत नाहीत. म्हणे, दोन्ही नळ्या 315 बोअर रायफलीच्या करून द्या, रानडुकरांनी ऊस लोळवलाय. लेथवाला शहाणा, त्यानं आधी मला बोलावलं.

मी गिरणीच्या टूलरूममधला टर्नर. बारा बोअरच्या, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या नळीत दुसरी नळी घट्ट बसवणं आमच्या हातचं आहे, नाही म्हणत नाही. पण खरं काम तिथून पुढं सुरू होतं. उजवी नळी झाडली की गोळी तोंडातून बाहेर पडायच्या आतच बंदूक वर आणि उजवीकडे सरकते. डावी झाडली की डावीकडे. म्हणून डबल रायफलीच्या नळ्या समांतर नसतातच, पुढं जाऊन किंचित जवळ येतात. किती, ते गणितानं पक्कं ठरत नाही. ऑस्ट्रियातल्या फेरलाखचे किंवा जर्मनीतल्या झूलचे कारागीर दोन्ही नळ्यांतून गोळ्या झाडतात, निशाणावर अंतर बघतात, तोंडाजवळ नळ्या जोडणारा धातूचा डाक तापवून पातळ करतात, मधली पाचर केसभर हलवतात, थंड होऊ देतात आणि पुन्हा झाडतात. दोन्ही गोळ्या एका जागी येईपर्यंत हेच चालतं. त्यातही काडतूस एकच ठरवावं लागतं. गोळीचं वजन किंवा दारू बदलली की सगळी मेहनत पाण्यात. पोरानं विचारलं, आपण एका दिवसात करू की. मी त्याला चहा पाजला.

दाबाचंही ऐका. बारा बोअरच्या साध्या काडतुसाची मर्यादा 740 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब). युरोपात डबल रायफलीला चालणारं 9.3×74 आर काडतूस 3400 बारपर्यंत जातं. मधून मोडणाऱ्या बंदुकीचा सांधा आधीच झिजलेला असेल, तर तो आता दोन्ही बाजूंनी हा मार खाणार. तिकडे अशी बदललेली बंदूक अधिकृत चाचणीघरात जादा दाबाचं काडतूस उडवून तपासतात, शिक्का बसतो, मगच मालकाच्या हातात. बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 पासून हेच करतंय. आमच्या शेडमध्ये चाचणी म्हणजे काय, पोराचा गाल?

आणि कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली. एका प्रकारच्या बंदुकीचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही, आणि शिक्षा किमान 7 वर्षांची. मालकाचा बंदुकीचा परवाना इथं कामाचा नाही. डुकरांसाठी पंचनामा, भरपाई आणि वनखात्याची परवानगी हा रस्ता आहे. लांबचा आणि चिडवणारा आहे, मान्य.

आपल्याला विनंती एवढीच, की लेखाखाली हे कलम चौकटीत छापा. आणि जिल्हा प्रशासनानं निवडणुकीत जमा झालेल्या बंदुका परत देताना प्रत्येकाच्या हातात याचा मराठीतला कागद ठेवावा. तेव्हा बरेच परवानाधारक ठाण्यात येतातच, वेगळी सभा घ्यायला नको.

आपला एक वाचक,
निवृत्त टर्नर, सोलापूर