मंत्रिमहोदय, आधी छपराकडे पाहा

मा. शिक्षणमंत्री यांस,
सादर नमस्कार, वि. वि.

नवी शाळा बांधायची ठरली की खोल्या किती आणि खर्च किती, एवढ्यावरच बैठक संपते. दुपारी दोन वाजता त्या खोलीत मुलाचं डोकं चालेल का, हे कुणी विचारत नाही.

मी बरीच वर्षं पत्र्याखाली शिकवलं आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर वर्ग भट्टीसारखा तापतो, मुलं पेंगू लागतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतो. अमेरिकेतल्या शाळांवरचा एक मोठा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्षाचं तापमान 1 अंश फॅरनहाइटने वाढलं, तर त्या वर्षीचं शिकणं सुमारे 1 टक्क्याने घटतं, असं त्यात दिसलं. खिडक्या बंद ठेवाव्यात तर हवा कोंदते आणि डोकी जड होतात.

यंत्रं बसवून वीजबिल वाढवण्याआधी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातली, गांदो गावची प्राथमिक शाळा पाहावी. ती 2001 मध्ये झाली. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे त्याच गावचे. लहानपणी ते शंभरावर मुलांच्या कोंदट, अंधाऱ्या वर्गात शिकले होते. गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा पाडल्या. पत्रा त्यांनीही वापरला, पण विटांच्या छताच्या वर, मध्ये मोकळी जागा सोडून. वर्गातली गरम हवा छताच्या छिद्रांतून वर जाते आणि त्या जागेतून बाहेर पडते. खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आल्यामुळे त्यांना ऊन-पाऊस लागत नाही. केरे यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार 2022 मध्ये मिळाला.

सौर पॅनेल हवीत, पावसाचं पाणी साठवायलाही हवं. पण ते दहा वर्षांनीही करता येईल. इमारतीची दिशा मात्र पाया घातल्यावर फिरवता येत नाही, आणि चुकीच्या दिशेची किंमत पुढच्या प्रत्येक तुकडीतली मुलं मोजतात. म्हणून लांब भिंतींची तोंडं उत्तर आणि दक्षिणेला, खिडक्या समोरासमोर आणि छपराखाली हवा खेळायला जागा, या तीन गोष्टींशिवाय कोणताही आराखडा मंजूर होऊ नये.

आणखी एक मागणी. इमारत ताब्यात घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात, मुलं वर्गात बसलेली असताना तापमान आणि, हवा किती कोंदते हे कळायला, कार्बन डायऑक्साइड मोजावा. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता ती नोंद पाहूनच द्यावा.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका