तक्रार: नवशिक्यांच्या एअर रायफलसाठी विकलेल्या ‘पॉवर किट’मुळे झालेला अपघात व नुकसान

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी कोल्हापूरला राहतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फिटर आहे. माझी मुलगी आठवीत शिकते. २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ पदक आणले, तेव्हापासून तिला नेमबाजीचे वेड लागले. तिच्या सरावासाठी मी एक साधी, नळी बिजागरीवर खाली मोडून भरायची ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घेतली होती. वर्षभरानंतर रायफलीचा जोर कमी झाल्यासारखा वाटू लागला, म्हणून गेल्या महिन्यात तुमचे ‘पॉवर किट’ १,४५० रुपयांना मागवले. पाकिटावर ठळक अक्षरांत छापले आहे: ‘नवशिक्यांसाठी सुरक्षित’ आणि ‘वेग ३०० मीटर प्रति सेकंद’. माझी तक्रार या दोन्ही दाव्यांबद्दल आहे.

किटमध्ये एक स्प्रिंग, एक वॉशर आणि सहा ओळींचा इंग्रजी कागद निघाला. त्यात लिहिले आहे की मागची टोपी काढून नवी स्प्रिंग हाताने दाबून बसवा. या स्प्रिंगला बसवतानाच बराच ताण असतो. ती हातातून निसटली तर समोरच्याचा डोळा जाऊ शकतो. माझ्याकडे क्लॅम्प होता आणि हे रोजचे काम आहे म्हणून निभावले. हाच कागद कॉलेजातल्या पोराच्या हातात पडला तर काय होईल, याचा विचार तुमच्याकडे कोणीच केला नाही का?

बसवण्याआधी मी दोन्ही स्प्रिंगा मोजल्या. जुन्या स्प्रिंगची तार २.८ मिलिमीटर, तुमची ३.२. दोन्हींचे वेढे ३४. वरवर फरक किरकोळ वाटतो, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे इथे जवळपास सत्तर टक्क्यांनी. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वेढ्याला वेढा टेकला की जुनी स्प्रिंग साधारण ९५ मिलिमीटरची होते आणि तुमची जवळजवळ १०९ मिलिमीटरची. नळी मोडली की पिस्टन स्प्रिंग दाबत मागे जातो आणि खटक्यात अडकतो, तेव्हा आत उरणारी जागासुद्धा १०९ मिलिमीटरच आहे. म्हणजे खटका पुरता बसायला जागाच राहत नाही, तो कडेवर जेमतेम टेकतो. हे गणित मी आधीच करायला हवे होते, आणि मी ते रायफल बिघडल्यावर केले, याचे मला वाईट वाटते. पण ते करणे तुमचे काम होते. माल तुम्ही विकता.

क्लबच्या सरांकडे वेग मोजायचे यंत्र आहे. ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याचा वेग आधी १५८ मीटर प्रति सेकंद भरला होता, किट बसवल्यावर १७१ भरला. ऊर्जा ज्यूलमध्ये सांगायची तर ६.६ वरून ७.७. पूर्वी दहा मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे, आता बशीएवढे पसरू लागले. धक्का इतका वाढला की मागच्या साइटचा (नेम धरायच्या खाचेचा) स्क्रू दोनदा सैल झाला. सर म्हणाले, दहा मीटरच्या स्पर्धेतल्या रायफलीसुद्धा १७०-१७५ मीटर प्रति सेकंदाच्याच आसपास असतात आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा दहा गुणांचा ठिपका टिपतात. माझी रायफल ढिली पडली होती ती पिस्टनच्या कडक झालेल्या चामडी वॉशरमुळे. तो बदलला असता तरी काम झाले असते. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. तुमच्या पाकिटावर त्यातले एक अक्षर नाही.

तेराव्या फैरीला अपघात झाला. मी नळी खाली मोडली. नेहमी खटका बसल्याचा ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो, त्या वेळी तो दबका आला. डाव्या हाताने नळी धरून उजव्या हाताने छर्रा ठेवत होतो. ट्रिगरला बोटसुद्धा लागलेले नव्हते. तेवढ्यात खटका सुटला आणि नळी माझ्या मुठीतून हिसका मारून वर आली. अंगठ्याचे साल निघाले, तेवढ्यावर भागले, कारण भरताना नळी सोडायची नाही ही जुनी सवय आहे. मुलगी छर्ऱ्यांची डबी घेऊन शेजारी उभी होती. पुढची फैर भरायची पाळी तिची होती. नळी वर वाकली आहे, कारखान्यात सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या अगदी सपाट पाटावर) ठेवून मी खात्री करून घेतली.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला तर मुलगा म्हणाला, ‘नळीत दोन थेंब तेल सोडा, पॉवर वाढेल.’ दाबाने आत तेल पेटते, धूर होतो, वॉशर जळतो, स्प्रिंग तुटू शकते. असा सल्ला देणाऱ्याला फोनवर बसवू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

आता तुमच्या ३०० मीटरच्या दाव्याबद्दल. त्याच छर्ऱ्याला तो वेग मिळाला तर ऊर्जा जवळजवळ २४ ज्यूल होते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल २० ज्यूलच्या पुढे गेली की परवाना लागतो. म्हणजे दावा खरा असेल तर तुम्ही ग्राहकाला न सांगता त्याची रायफल बेकायदा करत आहात, आणि खोटा असेल तर फसवत आहात. यातले कोणते, ते लेखी कळवा.

किटचे १,४५० रुपये आणि नवी नळी बसवण्याचा खर्च मला मिळावा. कोणत्या रायफलीत, कोणत्या छर्ऱ्याने, किती ज्यूल मोजले याचा चाचणी अहवाल पाठवावा. माहितीपत्रक मराठीतही छापावे आणि स्प्रिंग योग्य अवजाराशिवाय काढू नये हे त्यात पहिल्या ओळीत असावे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जाईन. सदोष माल आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींची जबाबदारी त्या कायद्याने उत्पादकावर टाकली आहे.

बिलाची प्रत, मोजमापांचा कागद आणि वाकलेल्या नळीचे फोटो सोबत जोडले आहेत. स्प्रिंग पुरावा म्हणून माझ्याकडेच ठेवली आहे, तुमचा माणूस आला तर दाखवीन. पाकिटावरचा बॅच नंबर फोटोत दिसतो. त्या बॅचची विक्री कृपया आजच थांबवा आणि ज्यांनी ती आधीच नेली आहे त्यांना फोन करून कळवा.

आपला,
एक ग्राहक
कोल्हापूर