मिस्त्रीकाका, माझ्या पायात जोर होता

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

माझ्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक दुरुस्त केल्याबद्दल समोर उभं राहून आभार मानणं जमलं नाही, कारण काम संपताच तुम्ही पुढच्या गाडीकडे वळलात आणि माझा गळा दाटून आला होता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. "ड्रम ब्रेक म्हटलं की असंच चालायचं" हे ऐकून परत आलेली माझ्यासारखी आणखी माणसं असणार. त्यांच्याही कानावर हे पडू दे.

जुन्या धाटणीची गाडी घ्यायची तर मागच्या ब्रेकची तक्रार करायची नाही, असंच मला सगळीकडे सांगितलं गेलं. हा ब्रेक ड्रमचा, म्हणजे चाकातल्या गोल डब्याला आतून दाबून थांबवणारा. पॅडल दाबलं की ते खाली जायचं, तळाशी दगडासारखं लागायचं, आणि गाडी मात्र स्वतःच्या मर्जीने पुढे जात राहायची. एकाने पॅडलपासून चाकाकडे जाणाऱ्या रॉडच्या टोकाचं नट पिळून दिलं आणि झालं म्हणाला. दुसरा म्हणाला, पुढे डिस्क आहे ना, मग मागच्याचं काय घेऊन बसलात? आणि एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपमध्ये, चार माणसं ऐकत असताना, मला सांगण्यात आलं, "ताई, ब्रेकमध्ये काही नाही. तुमच्या पायात जोर कमी पडतो."

ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं होतं. प्रत्येक उतारावर ते आठवायचं. मी अख्खं वजन उजव्या पायावर टाकायचे, त्या नादात सीटवरचा तोल ढळायचा, आणि मागे कोणी बसलेलं असलं की जीव मुठीत यायचा. चाक न उघडता, गाडीला हात न लावता माझ्यावर निदान केलेल्या त्या माणसाचा मला आजही राग येतो.

तुम्ही काय केलंत? चाकाशी उकिडवे बसलात आणि म्हणालात, "दाबा." मी दाबलं. तुम्ही माझ्या पायाकडे पाहिलंच नाही. तुमची नजर ब्रेक प्लेटवरच्या, म्हणजे ड्रमच्या झाकणावरच्या, त्या छोट्या दांडीवर होती, जी रॉड ओढतो आणि जी आतला कॅम, म्हणजे शू ड्रमवर दाबणारा तुकडा, फिरवते. (शू म्हणजे ड्रमला आतून टेकणारे दोन कमानदार तुकडे.) पुन्हा दाबायला लावलंत. मग वर न बघता म्हणालात, "जोर भरपूर येतोय. वाटेत सांडतोय."

काका, एवढ्या एका वाक्याने माझं निम्मं ओझं उतरलं. चाक अजून खोललंही नव्हतं.

मग जोर कुठे कुठे सांडतो ते तुम्ही दाखवलंत. ब्रेक पकडतो त्या क्षणी रॉड आणि दांडी यांच्यात साधारण काटकोन हवा. माझ्या गाडीत लायनर, म्हणजे शूवरचं ड्रमला घासणारं अस्तर, झिजत गेले, तसं प्रत्येक जण नट पिळत गेला आणि दांडी काटकोन ओलांडून पार पुढे गेली. कोन १२० अंशांवर गेला की लावलेल्या जोरातला सुमारे १३ टक्के वाया जातो, १३५ वर जवळजवळ ३० टक्के. म्हणजे दर वेळी नट पिळून 'दुरुस्त' झालेला ब्रेक आणखी दुबळा होत होता! दांडी काढून कॅमच्या दात्यांवर एक घर मागे बसवली असती तर पॅडल लगेच बरं वाटलं असतं, आणि तेवढ्यावर तुम्हाला मला वाटेला लावता आलं असतं. पण झिजलेल्या लायनरवर ही युक्ती केली तर झीज दाखवणारा काटा खोटं बोलू लागतो, आणि कॅम फार फिरला तर ब्रेक जाम होऊ शकतो, हे सांगून तुम्ही आधी चाक उतरवलंत.

आतला प्रकार तर त्याहून बोलका निघाला. शू बाहेरून ठीक दिसत होते, पण लायनरवर गुळगुळीत चकाकी आली होती. तुम्ही त्यांच्यावर आडवा खडू फिरवलात, ड्रममध्ये ठेवून जरासे घासलेत आणि शू सरळ माझ्या हातात दिलात. खडू फक्त मधोमध एका पट्ट्यावर पुसला गेला होता. दोन्ही टोकं पांढरीच्या पांढरी. एवढा मोठा लायनर, आणि ड्रमला टेकत होता तो असा थोडासा. अशा ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रममध्ये ओढला जातो आणि बरंचसं काम तोच करतो. तोच नीट टेकत नसेल तर पायाने कितीही रेटा लावा, उपयोग काय?

नवे शू तसेच डोळे झाकून न बसवता तुम्ही ते ड्रमच्या गोलाईला जुळवत बसलात. पुन्हा खडू, पुन्हा घासणं, पुन्हा पाहणं. लायनरची पुढची कड थोडी उतरवलीत, ब्रेकने एकदम झडप घालू नये म्हणून. मागच्या ब्रेकला पकड हवी, पण चाक जाम व्हायला नको, कारण जोरात थांबताना गाडीचं वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं, हेही समजावलंत. मुख्य काम पुढच्याच ब्रेकचं आहे, हे तुम्ही लपवलं नाहीत. पण खडीवर, ओल्या वळणावर, हळू चालवताना, मागे माणूस बसलेलं असताना मागच्या ब्रेकला काय किंमत असते हे तुम्ही कोणाहीपेक्षा जास्त जाणता, असं मला तेव्हा वाटलं.

"सरळ डिस्क टाकून घ्या" असं सांगणाऱ्यांची मला आता कीव येते. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी७५० ने डिस्क ब्रेक सामान्य चालकापर्यंत नेला, आणि त्याच गाडीला मागे ड्रमच होता. १९६० च्या दशकात ग्रां प्री मोटारसायकल शर्यतींच्या बहुतेक गाड्या ड्रम ब्रेकवरच थांबत होत्या. ड्रम जुना आहे हे मान्य, पण तो कुचकामी असतो ही थाप आहे. त्याला वेळ द्यावा लागतो आणि तो द्यायची तयारी नसते, हे खरं कारण.

पण काका, मला ज्यासाठी लिहायचं होतं ते अजून राहिलंच आहे.

चाक परत बसलं. ॲक्सलचं नट शेवटचं आवळायच्या आधी ब्रेक दाबून धरावा लागतो, म्हणजे दोन्ही शू ड्रममध्ये बरोबर मध्यावर येतात. तुमचा मदतनीस मुलगा शेजारीच उभा होता, त्याने पाय पुढे केलाही होता. तुम्ही त्याला थांबवलंत आणि मला हाक मारलीत. "तुम्ही या. पाय तुमचाच हवा." मी पॅडल दाबून धरलं, तुम्ही पान्हा फिरवलात. मग पॅडलची उंची माझ्या बुटाला जुळवलीत, घोटा न वळवता पाय पोचेपर्यंत. कोणी तुमच्याकडे ते मागितलं नव्हतं. तुम्हाला वाटलं, गाडी हिची आहे, थांबवायची हिला आहे, तर माप हिच्या पायाचं.

ज्या पायाला चारचौघांत कमजोर ठरवलं गेलं, त्याच पायाचं माप घेऊन तुम्ही ब्रेक बसवलात. हे मी विसरणार नाही.

चांगुलपणा मोठमोठ्या गोष्टींत शोधायची आपल्याला सवय आहे. मला तो तुमच्याकडे ड्रममधली धूळ पुसताना दिसला. जुन्या लायनरमध्ये श्वासातून गेलं तर घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तुम्ही कॉम्प्रेसरने हवा मारली नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतलंत आणि त्या मुलालाही लांब उभं केलंत. निघताना बजावलंत की लायनर नीट बसेपर्यंत या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. आपल्या कामाचं कौतुक ऐकण्याऐवजी त्याच्या मर्यादा सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

ब्रेक आता छान बसला आहे. पॅडल थोडंसं दाबलं की गाडी ऐकते, आणि मी सीटवर नीट टेकून बसलेली असते. काट्यावर लक्ष ठेवून आहे. तो सरकला की नट पिळत बसणार नाही, थेट तुमच्याकडे येईन, आणि तेव्हा चाक मला उतरवू द्या. शिकायचं आहे.

तुमची ऋणी,
त्या गाडीवाली ताई