जैववस्तुमान म्हणजे केवळ इंधन नव्हे

महोदय,

साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीच्या बातम्यांत ‘बायोमास’ हा शब्द वरचेवर येतो आणि त्याचा अर्थ बगॅस (रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा), पाचट (उसाची वाळलेली पाने), तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या), भुसा असे जाळण्याजोगे जिन्नस एवढाच घेतला जातो. ऊर्जाक्षेत्रापुरता तो अर्थ बरोबरच आहे. मात्र जीवशास्त्रात एखाद्या ठिकाणच्या सर्व सजीवांच्या एकूण वस्तुमानाला बायोमास, म्हणजेच जैववस्तुमान, म्हणतात, आणि हा मूळ अर्थ वाचकांपर्यंत पोहोचत नाही, याची खंत वाटते.

सजीवांतील पाण्याचे प्रमाण कमी-जास्त असल्याने हे वस्तुमान बहुधा कार्बनच्या वजनात मांडतात. बार-ऑन, फिलिप्स आणि मिलो या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार पृथ्वीवरील सजीवांत सुमारे ५५० अब्ज टन कार्बन असून त्यातील ४५० अब्ज टन एकट्या वनस्पतींत आहे. त्याखालोखाल सुमारे ७० अब्ज टनांसह जीवाणू येतात आणि तेही बहुतेक जमिनीखाली व समुद्रतळाखाली खोलवर असतात. सगळे प्राणी मिळून जेमतेम २ अब्ज टन भरतात, तर बुरशी सुमारे १२ अब्ज टन, म्हणजे प्राण्यांच्या सहापट! समुद्राने पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग व्यापला असला तरी त्यातील जैववस्तुमान अवघे ६ अब्ज टनांच्या आसपास आहे, कारण तेथील सूक्ष्म वनस्पती झाडांसारखे लाकूड साठवत नाहीत. त्या वाढतात न वाढतात तोच खाल्ल्या जातात.

हे आकडे वाचल्यापासून मी स्वतःच्या शेताकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ऊस तुटून गेल्यावर हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट मागे राहते. पूर्वी आम्हीही ते पेटवून देत होतो; आता खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटणाऱ्या पुढच्या पिकात, सरीत दाबून ठेवतो. पावसाळ्यात ते उचलून पाहिले, तर वरचा थर वाळलेला, खालची पाने काळवंडून मऊ झालेली, देठांवर पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरलेले आणि मातीवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या पडलेल्या दिसतात. पाचट म्हणजे मेलेली पाने खरी, पण त्यांवरच हा सगळा जिवंत संसार पोसला जातो. काडी लावली की ते अन्न घटकाभरात धुराबरोबर जाते, आणि गठ्ठे बांधून वीजनिर्मितीला पाठवले तरी शेताच्या दृष्टीने ते गेलेलेच असते.

बगॅस जाळण्याला माझा आक्षेप नाही, कारण गाळप झाल्यावर तो कारखान्यातच उरतो. पाचटाची गोष्ट निराळी आहे. त्याला ‘टाकाऊ’ म्हणणे मला पटत नाही. म्हणून विनंती अशी की, अशा प्रकल्पांची बातमी देताना किती टन पाचट गोळा केले याबरोबरच किती शेतात ठेवले, हेही प्रकल्पचालकांना विचारावे आणि तो आकडा आवर्जून छापावा.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
जि. कोल्हापूर