जोडी मोठी, पण बोलायचे आधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पोकरचे कोडे होते. हातात राजा आणि नव्वी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. उत्तर छापले होते की सर्वांत मोठ्या पानाची जोडी जमली आहे, तेव्हा तिन्ही फेऱ्यांत दणकून लावा. खेळाडू कुठे बसला आहे, हे मात्र कोड्यात कुठेच नव्हते. ते कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही, आणि नवी मुले असली उत्तरे पाठ करतात, म्हणून हे पत्र.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी श्रावणात सातम-आठमला भाचे-पुतणे जमतात. शेजारी तीन पत्ती रंगते, आमच्याकडे नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पाने, टेबलावरची पाच सर्वांची, आणि हवे तेवढे लावता येते असा पोकर), तेही चिंचोक्यांवर. पैसे लावायचे नाहीत हा घरचा नियम जुनाच. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हणणे मान्य केले नाही, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चिंचोके मोजून दिले आणि संपले की उठायचे असे ठरवले, तर मुले विचार करूनच खेळतात.

आता तोच डाव घ्या. मी बिग ब्लाइंडवर आहे, म्हणजे पाने पाहण्याआधीच ठरलेली रक्कम घालावी लागते त्या जागेवर. डीलरच्या जागेवरून भाच्याने रेझ केला (रक्कम वाढवली), मी कॉल केला (तेवढीच भरली), बाकीचे सुटले. इथून पुढे फ्लॉप, टर्न (चौथे पान), रिव्हर (पाचवे पान) या तिन्ही फेऱ्यांत आधी मलाच बोलायचे आहे. तो प्रत्येक वेळी माझे ऐकून मग ठरवणार.

माझ्याकडे एक राजा, टेबलावर एक, म्हणजे दोनच राजे उरले. एक्का-राजाच्या जोड्या 8 प्रकारे होऊ शकतात. राजा-राणी, राजा-गुलाम, राजा-दश्शी, प्रत्येकी 8. म्हणजे माझीच जोडी, पण माझ्याहून मोठे दुसरे पान असलेले 32 हात झाले. शिवाय दोन एक्के 6 प्रकारे, सत्तीची तिकडी 3, दुर्रीची 3. राजासोबत अठ्ठी किंवा छक्की असे हलके हात बरेच जण फ्लॉपच्या आधीच टाकून देतात. मी ज्यांना हरवते ते मुख्यतः दोन राण्या, दोन गुलाम, दोन दश्श्या. हे हात एकदा कॉल करतील, दुसऱ्यांदा कुरकुरतील, तिसऱ्यांदा पाने टाकतील. मग माझ्या तिसऱ्या दणक्याला कॉल कोण करणार? बहुतांशी मला हरवणारेच.

पॉट, म्हणजे मधोमध जमलेली रक्कम, किती झपाट्याने फुगतो तेही पाहा. फ्लॉपला 10 चिंचोके आहेत आणि प्रत्येक फेरीत अर्धा पॉट लावला, तर 10 चे 20, 20 चे 40, 40 चे 80 होतात. त्यात 35 माझे जातात, एका मध्यम हातासाठी. आणि मधेच त्याने रेझ केला तर मला धड पुढे जाता येत नाही, धड मागे येता येत नाही.

म्हणून मी चेक करते, म्हणजे काही न लावता पाळी त्याच्याकडे देते. त्याने अर्धा पॉट लावला तर कॉल, कारण 5 घालून 15 मिळवायचे असतील तर चारातून एकदा जिंकले तरी पुरते. टर्नला साधे पान पडले आणि रक्कम माफक असली तर पुन्हा कॉल. रिव्हरला मोठा तिसरा वार आला की बहुधा फोल्ड, म्हणजे पाने टाकायची. आमच्या घरची मुले तिथे हातात काही नसताना हवेत मारत नाहीत, हे मला माहीत आहे. फ्लॉपला तोही चेक करून थांबला, तर त्याचा हात हलका आहे असे धरून टर्नला मी अर्धा पॉट लावते. तेव्हा सत्तीची जोडीही कॉल करते. फ्लॉपला त्याला फुकट पान मिळते खरे, पण राजा-सत्ती-दुर्रीवर ना रंग जुळतो ना क्रम. दोन अठ्ठ्यांना तिसरी अठ्ठी हवी, तशी पाने दोनच.

पहिल्या कॉलला न घाबरणे हेही तितकेच महत्त्वाचे. "आत्या, किकर (जोडीसोबतचे दुसरे पान) लहान आहे, सोडून दे," असे भाचा म्हणतो, तेही मला पटत नाही.

आधी बोलणाऱ्याने कधीच स्वतःहून लावू नये, असेही माझे म्हणणे नाही. 2019 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये प्लुरिबस या संगणक-खेळाडूचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीच्या फेरीत नुसता कॉल करून पुढच्या फेरीत स्वतः आधी लावणे, ही चाल तो व्यावसायिकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा खेळतो. पण तो भक्कम आणि पोकळ हात असे मिसळतो की समोरच्याला अंदाज लागत नाही. नव्या मुलांना ते एवढ्यात जमायचे नाही.

कोड्यात आणखी एक गोष्ट हवी होती: समोर चिंचोके किती? पॉट 10 असताना माझ्याकडे 15 उरले असतील, तर याच जोडीवर मी सगळे घालायला तयार आहे. 200 असतील तर अजिबात नाही. तेव्हा पुढच्या कोड्यात पानांबरोबर खेळाडूची जागा, दोघांकडची रक्कम आणि आधी कोणी रेझ केला, एवढे अवश्य छापावे, आणि या डावाचे दुरुस्त उत्तरही द्यावे.

आपली नियमित वाचक,
बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त,
दांडिया बाजार, बडोदे